चुंबकी परिभ्रमण अस्थिरता

विद्युत् संवाहक द्रायू (द्रव किंवा वायू) अक्षाभोवती फिरत असेल, अक्षापासून दूर जाताना त्याचा कोनीय वेग घटत असेल आणि त्यात क्षीण का होईना चुंबकीय क्षेत्र असेल, तर बारीकशी खळबळही झपाट्याने वाढून प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेला आणि अनियमित होतो. हीच चुंबकी परिभ्रमण अस्थिरता. संशोधक तिला ‘एमआरआय’ (मॅग्नेटोरोटेशनल इन्स्टॅबिलिटी) म्हणतात. रुग्णालयातल्या तपासणीशी तिचा संबंध नाही.

चुंबकीय क्षेत्र नसेल तर भौतिकशास्त्रज्ञ रॅली यांचा निकष लागू पडतो : कोनीय संवेग (वस्तुमान, अक्षापासूनचे अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार) बाहेरच्या दिशेने वाढत असल्यास प्रवाह स्थिर. कृष्णविवराभोवती केप्लरच्या नियमांनी, म्हणजे सूर्याभोवतीच्या ग्रहांसारख्या, फिरणाऱ्या वायूच्या तबकडीत तो वाढतच असतो. पंचाईत इथेच होती. वायू आत पडायचा तर त्याने कोनीय संवेग बाहेरच्या वायूला द्यायला हवा, आणि नेहमीची श्यानता (थरांमधले अंतर्गत घर्षण) त्या कामाला फारच तोकडी. १९७३ साली शाकुरा आणि सुन्यायेव यांनी संक्षोभ गृहीत धरून त्याची तीव्रता सांगणाऱ्या ‘अल्फा’ या एका गुणांकावर गणित भागवले. संक्षोभ येतो कुठून, हे मात्र गुलदस्त्यातच राहिले.

खरे तर उत्तर छापून झालेले होते. दोन समाक्ष दंडगोलांमधल्या संवाहक द्रायूची ही अस्थिरता वेलिखोव यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये दाखवली होती. तबकड्यांशी तिची सांगड स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी १९९१ साली घातली. त्यासाठी दोघांना २०१३ चे शॉ पारितोषिक मिळाले.

एकाच चुंबकीय बलरेषेवरचे वायूचे दोन पुंजके घ्या, एक किंचित आत, दुसरा किंचित बाहेर. बलरेषा स्प्रिंगसारखी ताणली जाते. आतला भरभर फिरून पुढे जातो, रेषा त्याला मागे खेचते, त्याचा कोनीय संवेग कमी होतो आणि तो आणखी आत घसरतो. आतली कक्षा अधिक वेगाची, त्यामुळे मागे खेचलेला पुंजका उलट जास्तच पुढे निघतो! बाहेरच्याला मिळालेला संवेग त्याला आणखी बाहेर, मंद कक्षेत नेतो. ताण वाढतच जातो. केप्लरीय तबकडीत वाढीचा कमाल दर कोनीय वेगाच्या तीन-चतुर्थांश असतो, म्हणजे एका फेरीत खळबळ शंभरपटीहून जास्त. क्षेत्र क्षीण केले तरी आदर्श संवाहकात हा दर घटत नाही, फक्त तरंगलांबी आखूड होते. क्षेत्र फार बळकट असेल तर मात्र रेषेचा ताणच अस्थिरता दाबून टाकतो.

प्रयोगशाळेत ती पकडणे जिकिरीचे. गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचे द्रवरूप मिश्रधातू फिरत्या दंडगोलांमध्ये भरले, तरी वरखालची झाकणे स्वतःचेच दुय्यम प्रवाह उभे करतात. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या प्रयोगात २००६ साली सर्पिल क्षेत्र वापरून तिचे भावंड दिसले. मूळ अस्थिरतेचा पुरावा प्रिन्स्टनच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला.

ग्रह घडवणाऱ्या तबकड्यांत तिची मर्यादा कळते. मधल्या थंड, दाट भागात आयनीभवन (अणूंचे विद्युत्-भारित होणे) इतके कमी असते की वायूवर क्षेत्राची पकडच राहत नाही. चार्ल्स गॅमी यांनी १९९६ मध्ये या ‘मृत पट्ट्या’ची कल्पना मांडली. तिथला कोनीय संवेग तबकडीवरून उठणारे चुंबकीय वारे वाहून नेत असावेत, असे अलीकडची प्रतिमाने सुचवतात.