पॅरिशमधले व्हॉलंटियर (बेळगाव सीमाभाग)

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या कॅथलिक लोकांचा समुदाय. हद्द बिशप (पुष्कळ पॅरिशांवरचा प्रमुख) ठरवतो आणि तोच त्यावर एक फादर नेमतो. पुस्तकी मराठीत याला धर्मग्राम म्हणतात, वसईकडं तो शब्द बोलण्यातही चालतो, पण बेळगाव-खानापूर भागात कुणाला "तुमचं धर्मग्राम कुठलं" विचारलं तर समोरचा दोन मिनिटं तोंडाकडं बघत राहील, इथं पॅरिशच. आणि त्या पॅरिशचं झाडलोट, गाणं, हिशोब, मांडव, मयत हे सगळं पगार न घेता करणारे जे लोक ते व्हॉलंटियर. खरं तर बेळगावात स्वयंसेवक या शब्दाला जुना मान आहे, 1924 ला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलेलं, गांधीजी एकदाच अध्यक्ष झाले ते इथंच, आणि तो सगळा गाडा स्वयंसेवकांनीच ओढलेला. पण आता स्वयंसेवक म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर वेगळाच गणवेश येतो, म्हणून चर्चच्या आवारात सगळे व्हॉलंटियरच म्हणतात.

बेळगाव धर्मप्रांत (म्हणजे डायोसिस, एका बिशपच्या हाताखालचा भाग) 1953 चा. त्याआधी हा भाग गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होता आणि गोवा पोर्तुगीजांकडं, म्हणजे 1947 नंतरही काही वर्षं खानापूरचा माणूस स्वतंत्र भारतात आणि त्याचा बिशप सरहद्दीपलीकडं अशी गंमत होती. 1976 ला कारवार वेगळा धर्मप्रांत झाला. कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) कॅम्पात म्हणजे लष्करी छावणीच्या भागात आहे, फातिमा मातेच्या नावाचं. इथले बिशप फार टिकत नाहीत असं लोक चेष्टेनं म्हणतात, बर्नार्ड मोरास 2004 ला आणि त्यांच्या मागून आलेले पीटर मचाडो 2018 ला, दोघंही बंगळूरचे आर्चबिशप होऊन गेले, मग 2019 ला डेरेक फर्नांडिस कारवारहून इथं आले. पॅरिशच्या फादरचंही तेच, काही वर्षं झाली की बदली. नवीन फादर येतात तेव्हा माइकच्या मिक्सरची कुठली वायर लूज आहे, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुठल्या दोन घरांचं बोलणं बंद आहे आणि त्यांना एकाच कमिटीत घालायचं नाही हे त्यांना व्हॉलंटियर सांगतात. फादर यजमान वाटतात पण पहिलं वर्षभर पाहुणे तेच असतात.

भाषेचं प्रकरण

बाकी कुठल्याही गावच्या पॅरिशपेक्षा इथलं व्हॉलंटियरचं काम वेगळं का, तर भाषेमुळं. कॅम्पात कँटोनमेंटच्या काळापासून आलेली गोवेकर कुटुंबं कोंकणी, नोकरीधंद्यानिमित्त आलेले मंगळूरकर पण कोंकणीच पण त्यांची कोंकणी वेगळी, लष्कराच्या मागून आलेली तमिळ घरं, खेड्यातले लोक मराठी, बैलहोंगलच्या बाजूला गेलं की कन्नड, आणि पोरं इंग्लिश मीडियमची. बैलहोंगल तालुक्यात देशनूरला तर जेझुइट (कॅथलिक फादरांचा एक संघ) फादरांनी लिंगायत मठाच्या धर्तीवर विरक्त मठच काढला, भगवा नेसून, शाकाहारी राहून. एकाच धर्मप्रांतात इतकं सगळं.

मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होती तोवर भांडण नव्हतं, कारण सगळ्यांना सारखीच कळायची, म्हणजे कळायचीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या बिशपांची सभा) 1963 ला लोकांच्या भाषेला परवानगी दिली आणि प्रश्न आला, लोकांची भाषा म्हणजे कुठली? त्याच्या सात वर्षं आधी, 1956 ला, राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलेलं आणि बाहेर रस्त्यावर हाच प्रश्न पेटलेला. चर्चच्या आत त्यावर जो तोडगा निघाला तो टाइमटेबलचा. रविवारी सकाळी एक मिस्सा कोंकणीत, एक इंग्लिशमध्ये, एक मराठीत, कुठं कन्नड, कुठं महिन्याच्या ठराविक रविवारी. प्रत्येक भाषेचा क्वायर (गाणाऱ्यांचा गट) वेगळा, वाचणारे वेगळे, आणि सकाळच्या बऱ्या वेळेवरून जे राजकारण होतं ते ग्रामपंचायतीला लाजवेल.

सणाच्या दिवशी मात्र सगळे एकत्र येतात आणि तिथं खरी कसोटी. पहिलं वाचन कन्नडमध्ये, दुसरं इंग्लिशमध्ये, मधलं स्तोत्र मराठीत, प्रवेशाचं गाणं कोंकणी, श्रद्धावंतांच्या प्रार्थना एकेक एका भाषेत, हे सगळं जुळवून कागद बनवणारी एक व्यक्ती असते (आमच्याकडं एक रिटायर्ड टीचर) आणि तिच्याइतक्या शिव्या कुणी खात नाही. त्यात लिपीचा घोळ. गोवेकर कोंकणी रोमीत (इंग्लिश अक्षरांत) वाचतात, मंगळूरकर तीच कन्नड लिपीत, मराठी माणसाला देवनागरी पाहिजे, मग प्रोजेक्टरवर गाणं लावायचं झालं की एकाच कडव्याच्या तीन स्लाइड, आणि लावणारा पोरगा फोनमध्ये बघत बसला की क्वायर दुसऱ्या कडव्यावर आणि पडद्यावर अजून पहिलंच. पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीचा गुरुवार) फादर, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, 12 जणांचे पाय धुतात, ते 12 निवडतानाही कुणी उघड बोलत नाही पण मनातल्या मनात मोजणी चालू असते, इतके मराठी, इतके कोंकणी, इतके तमिळ. 2016 ला पोप फ्रान्सिस यांनी त्यात बायकांनाही घ्यायला परवानगी दिली, त्यानं गणित आणखी अवघड झालं पण बरंच झालं म्हणायचं, कारण रांगेत बसायला तयार असणारे पुरुष मिळतच नव्हते, पायाच्या भेगा दिसतात म्हणून.

कोण काय करतं

कागदावर दोन कमिट्या. चर्चच्या 1983 च्या कायद्यात (कॅनन लॉ) फायनान्स कमिटी प्रत्येक पॅरिशला सक्तीची आहे, आणि पॅरिश कौन्सिल बिशपना योग्य वाटलं तर. कौन्सिलला फक्त सल्ला द्यायचा अधिकार, शेवटचा शब्द फादरचा. हे बऱ्याच मेंबरांना माहीत नसतं, ते आमदार झाल्यासारखे बोलतात.

प्रत्यक्षात काम चालतं ते वॉर्डनुसार. दहापंधरा घरांचा एक गट, त्याला छोटा ख्रिस्ती समूह म्हणतात, तेर्स म्हणजे रोझरीला (माळेवरची प्रार्थना) एकमेकांच्या घरी जमायचं, ऑक्टोबर महिन्यात तर रोज. झाडायची पाळी, फुलांची पाळी वॉर्डवर लागते. वेदीजवळ मदत करणारी लहान मुलं म्हणजे ऑल्टर सर्व्हर, पूर्वी फक्त मुलगे, 1994 ला रोमनं मुलींनाही चालतील असं कळवलं, आता बऱ्याच ठिकाणी मुलीच जास्त कारण मुलगे सकाळी उठत नाहीत. प्रभुभोजन (मिस्सातली पवित्र भाकर) वाटायला मदत करणारे सामान्य लोक 1973 पासून चालतात, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तेच घेऊन जातात. रविवारचं धर्मशिक्षण सिस्टर आणि कॉलेजच्या पोरी घेतात, म्हातारी माणसं त्याला अजून दोतोर्न म्हणतात. लीजन ऑफ मेरी (डब्लिन, 1921) च्या बायका घरोघर फिरून प्रार्थना करतात.

यातली मला सगळ्यात जास्त आवडणारी म्हणजे सेंट विन्सेंट दे पॉल सोसायटी. 1833 ला पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या कॉलेजच्या पोरानं मित्रांबरोबर सुरू केली. पद्धत साधी, दर मीटिंगला एक पिशवी फिरते, त्यात कोण किती टाकतं हे दुसऱ्याला दिसत नाही, आणि गरजूच्या घरी दोघं दोघं मिळून जायचं. देणाऱ्यानं स्वतः जायचं हा नियम. तांदूळ, शाळेची फी, औषधं, आणि घर ख्रिस्ती पाहिजे अशी अट नाही. नावं मीटिंगच्या बाहेर जायची नाहीत, आणि आपल्या भागात जिथं गल्लीतल्या प्रत्येक घरात काल काय शिजलं हे सगळ्यांना माहीत असतं तिथं हे पाळणं म्हणजे तपश्चर्याच.

फेस्त, पाऊस आणि भांडी

सांत आंतोनचं (संत अँथनीचं) फेस्त म्हणजे सण 13 जूनला, म्हणजे बरोबर पाऊस धरतो तेव्हा. खानापूरच्या बाजूला हा दिवस कोरडा जाईल ही आशा दरवर्षी असते आणि दरवर्षी ताडपत्री धरून उभी असलेली पोरंही असतात. नऊ दिवस आधी नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, रोज एका वॉर्डकडं, रोजचा नाश्ता त्या वॉर्डनं करायचा आणि मग आपोआप स्पर्धा, काल पोहे झाले ना मग आज पुलाव. नोव्हेनाला हिंदू शेजारी पण येतात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात. मोठी पातेली आणि टेबलं कितीतरी वेळा गल्लीतल्या गणेश मंडळाकडून येतात आणि गणपतीत चर्चच्या हॉलच्या खुर्च्या तिकडं जातात. याचा करार कुठं लिहिलेला नाही, एक झारा परत आला नाही तर मात्र पुढचं वर्षभर विषय निघतो. 8 सप्टेंबरला मारियेच्या जन्माच्या सणाला मंगळूरकरांच्या घरी नव्या भाताचा मान असतो, भाताच्या लोंब्या आशीर्वाद देऊन घरोघर वाटतात, त्या आणून देणं हे शेतवाडीतल्या लोकांचं काम.

नाताळात गोठा (येशूजन्माचा देखावा), स्टार, कॅरोल. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद हा 2000 सालच्या नियमांचा भाग, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी बाहेरचे बॉक्स बंद करून आतल्या आत गातात किंवा मिस्साच लवकर घेतात, आणि परवानगीचा कागद घेऊन पोलीस स्टेशनला कोण जाणार तर ज्याला कन्नड लिहिता येतं तो, त्या दिवशी त्याचा भाव वाढतो. 31 डिसेंबरला कॅम्पात ओल्ड मॅन जाळतात, गवत-कापडाचे मोठमोठे पुतळे, त्याचा चर्चच्या विधीशी काही संबंध नाही पण पुतळे बनवणारी पोरं आणि गोठा बनवणारी पोरं पुष्कळदा तीच, उरलेलं गवत पण तेच.

तक्रारी

तीच दहा माणसं सगळीकडं, ही पहिली. बायका राबतात आणि कौन्सिलच्या पहिल्या रांगेत पुरुष बसतात, ही दुसरी, आणि खरी. तिसरी अशी की तयार झालेला पोरगा पुणे, बंगळूर, गोवा नाहीतर गल्फला जातो, क्वायरचा कीबोर्डवाला गेला की सहा महिने पेटीवर भागवतात. ग्रुपवर फेस्ताच्या कामाला कोण येणार विचारलं की तीस जण हात जोडलेली इमोजी टाकतात, सकाळी सहाला चौघं असतात. फोन केला तर "येऊलोय येऊलोय, वाटेतच हाय", मागून कुकरची शिट्टी ऐकू येते.

मयत आणि नोव्हेंबर

मयतीला मात्र फोन करावा लागत नाही. घंटा वाजली की माणसं जमतात, कुणी शवपेटीचं बघतं, कुणी दवाखान्याचा कागद, कुणी खड्डा खणणाऱ्याला बोलवायला जातं, आणि ज्या घराशी बोलणं बंद होतं तिथून चहाची किटली येते.

1 नोव्हेंबर सर्व संतांचा सण आणि 2 तारीख मृतांची, कबरस्तानात जाऊन आशीर्वाद घ्यायची. बाकी जगात हे दोन शांत दिवस असतात. बेळगावात 1 नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक चन्नम्मा सर्कलला आणि बेळगाव तिकडं गेल्याच्या निषेधाची मराठी लोकांची काळ्या दिनाची सायकल फेरी, बंदोबस्त, अर्धे रस्ते बंद. पॅरिशमध्ये दोन्हीकडची माणसं आहेत, एखादा सकाळी दंडाला काळी फीत बांधून फेरीत असतो आणि त्याच्याच वॉर्डातला दुसरा लाल-पिवळा झेंडा घेऊन, संध्याकाळी दोघं एकाच बाकावर, विषय काढायचा नाही एवढं ठरलेलं. कबरस्तान साफ करायचं काम 31 ऑक्टोबरलाच उरकतात, गवत काढणं, क्रूसांना चुना मारणं. मेणबत्त्यांचे खोकेही त्याच दिवशी आणून ठेवतात, 1 तारखेला दुकान उघडं मिळेलच असं नाही.