घुबड (ठाणे–नवी मुंबई परिसर)

घुबड हा मुख्यतः रात्री शिकार करणारा मांसाहारी पक्षी. ठाणे, नवी मुंबई आणि शहापूर-मुरबाडकडच्या भातशेतीच्या पट्ट्यात तो अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला आहे. भारतात घुबडांच्या तिसाहून अधिक जाती आहेत. शहरी वस्तीत नेहमी भेटतात त्या दोन : पांढऱ्या, बदामी आकाराच्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड आणि मुठीएवढा ठिपकेदार पिंगळा. येऊरच्या जंगलात जंगली पिंगळाही आहे. ओढ्याकाठी मासे-खेकडे टिपणारे मत्स्य घुबड वेगळ्याच साखळीतले, उंदरांवर त्याची भिस्त नाही.

दुर्मीळ वन पिंगळा ही जंगली पिंगळ्याहून वेगळी जात, त्याची गोष्टही निराळी. १८८४ नंतर खात्रीलायक नोंदच नसलेला हा पक्षी १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये शहापूरकडच्या तानसा अभयारण्यात आढळला. तो दिवसाही वावरतो आणि त्याला साग-पळसाचे जुने, ढोल्या असलेले जंगल लागते.

शहरातल्या घुबडाला मात्र शहरच पोसते. तुर्भ्याचा घाऊक धान्य बाजार, नाल्यांचे काठ, उघडा कचरा यांवर उंदीर-घुशी वाढतात. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले देते. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात त्याची मोठी साथ आली होती. गव्हाणी घुबड रात्रीत एक-दोन मोठे उंदीर सहज फस्त करते, घरट्यात पिल्ले असली तर नर-मादीला त्याहून बरेच जास्त आणावे लागतात. दोन्ही कानांची छिद्रे वरखाली असल्याने मिट्ट काळोखातही त्याला आवाजावरून भक्ष्याचा नेमका ठाव लागतो. घुबडांमुळे शहरातले उंदीर संपतील असे मात्र कोणी समजू नये. कचरा उघडा आहे तोवर उंदीर राहणारच.

भक्ष्य बहुधा अख्खे गिळले जाते. मांस पचते, हाडे आणि केस काही तासांनी तोंडावाटे गोळीच्या रूपात बाहेर पडतात. बसायच्या जागेखाली अशा काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. एखादी पाण्यात भिजवून सुईने सोडवली, तर आत कवट्या, जबडे, बरगड्या निघतात. पटाशीचे दात नारिंगी असले तर उंदीर, पांढरे असले तर चिचुंद्री. घुबड काय खाते याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही.

संरक्षणाचा विषय निघाला की बोलणे अंधश्रद्धेवर येऊन थांबते. शहरात खरा घात उंदरांच्या विषाचा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दुकानात ‘केक’ म्हणून मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने रक्त गोठणे थांबते. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाच्या तावडीत आयताच सापडतो. विष त्याच्या यकृतात साठलेले असते आणि तेच घुबडाच्या पोटात जाते. सोसायटीने बिळे बुजवली, कचरा झाकला, पिंजरे लावले, तर केकची गरज बरीच कमी होते.

दुसरा धोका घरट्यांना. गव्हाणी घुबड इमारतीच्या सज्जात, बंद डक्टमध्ये अंडी घालते. ती एकाच दिवशी उबत नाहीत, त्यामुळे एकाच घरट्यात लहानमोठी पिल्ले असतात. ती रात्रभर फिस्कारतात आणि रहिवासी हैराण होतात. दोनेक महिन्यांत पिल्ले उडून जातात, तेवढी कळ काढावी. जाळी बसवायचीच तर त्यानंतर. पिंगळ्याला झाडाची ढोली लागते आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत ढोलीची फांदीच आधी जाते. पतंगांचा उरलेला मांजाही झाडांत वर्षभर पंख कापत राहतो.

घुबडाला दगड मारला तर ते तो पाण्यात टाकते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, असा एक समज आहे. त्या भीतीने काही घुबडे वाचलीही असतील. दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाच्या सुमारास मात्र तंत्रमंत्रासाठी त्यांची चोरटी विक्री होते. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेच्या २०१० च्या अहवालात अशा व्यापारात १५ जाती आढळल्या होत्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणे, विकणे वा मारणे गुन्हा आहे.

दिवसा कावळ्यांनी घेरलेले किंवा जखमी घुबड दिसल्यास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, दूध-पाव देऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पडलेले पिल्लू धडधाकट असेल तर ते घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. भातशेतीत कृषी विभाग सुचवतो ते पक्षीथांबे, म्हणजे आडवी काठी बांधलेले बांबू, घुबडांना टेहळणीसाठी उपयोगी पडतात. भाताला दाणा धरण्याआधीच ते रोवलेले बरे.