बाराबंदीचे बंद आणि खांद्याची स्प्रिंग

सोलापुरी चादरीवरचा मोर ज्या जॅकार्डमधून, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेतून उतरतो, ते मागाच्या डोक्यावर बसवलेलं असतं. हूक अडकला, दोरी तुटली की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, स्टुलावर चढतो आणि हात वर करून कामाला लागतो. थोड्याच वेळात खांदे भरून येतात. पाना तर हलका असतो. मग जड काय झालं?

त्याचा स्वतःचाच हात. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण 5 टक्के, म्हणजे 60 किलोच्या माणसाचा हात 3 किलोचा. तो आडवा ताठ धरला, की 3 किलोची पिशवी खांद्यापासून 30 सेंटिमीटरवर टांगल्यासारखा ताण खांद्याच्या स्नायूंवर येतो.

हा ताण वाटून घेणारा सांगाडा आता अंगावर चढवता येतो. त्याला एक्झोस्केलेटन म्हणतात. खांद्यासाठीच्या अनेक सांगाड्यांत मोटर नसते, बॅटरीही नसते. हात खाली येताना त्याच्याच वजनाने स्प्रिंग ताणली जाते आणि वर नेताना ती ताकद परत मिळते. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीचा असा एक सांगाडा 2 किलोपेक्षाही हलका आहे. पण ओझं नाहीसं होत नाही, ते कमरेवर जातं. कडेवर मूल घेणाऱ्या बाईला हे निराळं सांगायला नको.

म्हणून मापाची सुरुवात कमरेपासून. पट्टा कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे. पोटावर आवळला, तर तो घसरतो आणि वरचं सगळं माप बिघडतं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालणाऱ्यांना बंद बांधायची सवय असतेच. इथे सगळे पट्टे आधी सैल ठेवायचे, मग कमर, मग छाती, दंड शेवटी.

खरी गंमत खांद्यात आहे. खांदा दाराच्या बिजागरीसारखा एका जागी फिरत नाही. हात पूर्ण वर गेला, म्हणजे 180 अंश, तर त्यातले साधारण 120 अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 अंश पाठीवरचं खवाट्याचं हाड सरकल्यामुळे. त्या हाडाबरोबर सांधाही जागा बदलतो. सांगाड्याची बिजागरी मात्र तितकी सरकत नाही. दोन्हींचा मेळ बसला नाही, की दंडावरची पट्टी दर खेपेला वर-खाली घासते. शिंपी हात खाली सोडायला लावून माप घेतो; इथे ती चूक ठरते. स्टुलावर चढून, हात जॅकार्डपर्यंत नेऊनच माप बघावं. पट्टी सरकताना दिसली, तर सांगाड्याच्या पाठीची लांबी एक-एक खाच बदलून पाहायची.

पट्टी दंडाच्या मधोमध हवी. काखेजवळ ती रुतते, कोपराजवळ हात वाकवू देत नाही. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस जाते, त्यामुळे हाताला मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. ‘सवय होईल’ हा सल्ला इथे ऐकू नका.

स्प्रिंगच्या बाबतीत हौस आडवी येते. नवा माणूस ती हमखास पूर्ण ताणून ठेवतो. मग हात आपोआप वर तरंगतो आणि तो खाली आणायलाच जोर लागतो. एका स्नायूची सुट्टी दुसऱ्याच्या ओव्हरटाइमवर! नेहमीचा पाना धरून हात कामाच्या उंचीवर न्यावा आणि सैल सोडावा. तो सावकाश खाली येऊ लागला, की ताण बरोबर. हत्यार बदललं, तर पुन्हा बघावं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा सांगाड्याच्या गाद्या घामाने भिजणार आणि पट्टे ढिले पडणार. आत पातळ सुती बनियन घालावा, पण त्याची घडी पट्टीखाली येऊ देऊ नये, नाहीतर तिथलीच कातडी सोलते. तासाभराने पट्टे पुन्हा तपासावेत. पहिल्या दिवशी अर्ध्या तासावर थांबलेलं बरं.

आणि एकच सांगाडा दिवसपाळी-रातपाळीत फिरणार असेल, तर प्रत्येकाच्या खाचांचे आकडे चिकटपट्टीवर लिहून पाठीमागे लावा. रातपाळीच्या उंच माणसाचं माप घालून सकाळी बुटका जॉबर स्टुलावर चढला, तर दुपारी त्याची कंबर बोलते.