मिझन ठेवायची की काढायची? जुन्या केचच्या रिगबदलामागची पार्श्वभूमी

अंबाझरीवर एन्टरप्राइझ किंवा व्हेलर यांसारखी शिडाची बोट चालवायला शिकलेला नागपूरकर निवृत्तीनंतर मुंबई-गोव्याकडे जुनी क्रूझिंग बोट बघायला निघाला, तर त्याच्यासमोर एखादी केच हमखास येते. दोन डोलकाठ्या, फायबरग्लासचं हल (बोटीचं अंग), जन्म १९७० च्या दशकातला. हल अजून ठणठणीत असतं, रिग, म्हणजे काठ्या-तारा-शिडं, मात्र थकलेली. आता बदलायचीच आहे तर मागची काठी, म्हणजे मिझन, काढूनच टाका, असा सल्ला धक्क्यावर चहाबरोबर मिळतो. या सल्ल्याच्या इतिहासात समुद्रापेक्षा शर्यतींच्या नियमपुस्तकांचा हात मोठा आहे.

वरच्या कडेला तिरकी काठी लावलेलं चौकोनी गॅफ शीड की उंच त्रिकोणी बर्म्युडा शीड, हा त्याआधीचा वाद दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जवळपास मिटला. 'जोली ब्रीझ' या एका काठीच्या गॅफ बोटीने १९२५, १९२९ आणि १९३० ची फास्टनेट शर्यत जिंकली खरी, पण त्याच १९३० मध्ये अमेरिका कप बर्म्युडा शिडांच्या जे-क्लास बोटींवर लढला गेला. पुढे ॲल्युमिनियमच्या काठ्या आणि टेरिलीनची शिडं आली.

मिझनचं भाग्य उजळलं ते युद्धानंतर. अमेरिकेतल्या तेव्हाच्या हँडिकॅप नियमात (वेगवेगळ्या बोटींची शर्यत बरोबरीची करणाऱ्या हिशेबात) मिझनच्या शिडाचा हिशेब फार हलका धरला जाई, म्हणजे मागचं कापड जवळपास फुकट. 'फिनिस्टेअर' ही यॉल (छोट्या मिझनची दोनकाठी बोट) १९५६, १९५८ आणि १९६० अशी लागोपाठ तीनदा बर्म्युडा बेटापर्यंतची शर्यत जिंकली, आणि दोन काठ्यांची फॅशन पसरली. क्रूझिंग बोटी बांधणाऱ्यांनी मोठ्या मिझनची केच उचलली. त्यांचं कारण वेगळं होतं: शीड तुकड्यांत वाटलं की दोघांच्या हातात मावतं. मग शीड गुंडाळणारी फर्लिंग आणि ओढलेला दोर स्वतःच धरून ठेवणाऱ्या सेल्फ-टेलिंग विंच आल्या, एकटा माणूसही जेनोआ हे पुढचं मोठं शीड गुंडाळू लागला, आणि मिझन अडगळ ठरली. कित्येक केचवर ते शीड आता उघडतही नाही. काठी रडार धरायला उभी.

काढणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. वाऱ्यावर चढताना मिझनला पुढच्या मेनसेलने (मुख्य शिडाने) गढूळ केलेला वारा मिळतो, त्यामुळे तिचा उपयोग थोडा आणि वजन-खर्च पूर्ण. अडचण तोलाची आहे. मागचं शीड गेलं की शिडांच्या जोराचं केंद्र पुढे सरकतं आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्यापासून दूर पळू लागते. ते सावरायला मेनसेलचा बूम (खालची आडवी काठी) लांबवावा लागतो किंवा मुख्य काठी मागे न्यावी लागते. काठी मागे नेली की तिच्या बुडाचा आधार, डेकखालचा खांब, काठीच्या तारा बोटीला जिथे बांधतात त्या चेनप्लेट, सगळं हलतं. एक काठी 'नुसती काढण्याचं' काम इथे पूर्ण रिग नव्याने आखण्यावर येतं, आणि सल्ला देणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

हलकी रिग म्हणजे सुरक्षित बोट, हेही सरळ गणित नाही. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या टाकीतल्या चाचण्यांत दिसलं की काठी गमावलेली बोट फुटत्या लाटेत अधिक सहज उलटते, कारण उंचावरचं वजन तिचं कलंडणं मंदावतं.

आपल्याकडचं उदाहरण 'सुहेली'चं. १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधलेली ही ३२ फुटी केच. मूळ आराखडा गॅफचा, उभी राहिली बर्म्युडा शिडांवर. १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत न थांबता एकट्याने केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा तिच्यावरच झाली. वाटेत आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडांच्या जुळणीवरच तिला सरळ ठेवता आलं. मिझनवाले हा दाखला सोडत नाहीत.

सोडावा असं मात्र २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत घडलं. गोव्यात बांधलेली तिची प्रतिकृती 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात उलटली आणि दोन्ही काठ्या गेल्या. तिच्या जखमी खलाशाला पुढे मायदेशी आणणाऱ्या युद्धनौकेचं नाव 'सातपुडा', हे विदर्भाला जवळचं. त्या शर्यतीत एकूण पाच बोटींच्या काठ्या मोडल्या. जिंकली ती रस्लर ३६ ही एका काठीची बोट, आणि तिची काठी मुद्दाम सुमारे दीड मीटर आखूड केलेली होती. 'थुरिया'चा तो भारतीय खलाशी पुढच्या शर्यतीत रस्लर ३६ घेऊनच उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला.

आता चर्चा काठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांऐवजी डायनीमा या बळकट कृत्रिम धाग्याच्या दोरांवर आली आहे. दोर हलके आहेत, पण जिथे ते बांधायचे त्या चेनप्लेट बहुतेकदा बोटीच्या जन्मापासूनच्याच असतात. डेकमधून जाताना तिथे ओल साचते, प्राणवायू पोचत नाही, आणि स्टेनलेस स्टील झाकल्या जागी चिरत जातं. बाहेर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. केचवर असे सांधे जास्त असतात. मिझन काढण्याच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा मला तरी हा वाटतो, वजनाचा नव्हे.