वॉशिंग्टन आडनावाची माणसे

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसे नोंदली गेली. त्यांतली सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती. तिथल्या रुळलेल्या आडनावांपैकी दुसऱ्या कुठल्याही आडनावात हे प्रमाण इतके मोठे नव्हते. त्याखालोखाल असलेल्या जेफरसनमध्येही ते ७५ टक्क्यांच्या आसपास होते. गुलाम बाळगणाऱ्या एका जमीनदार घराण्याचे अस्सल इंग्रजी आडनाव गुलामांच्या वंशजांचे कसे झाले? 'मालकाचे नाव गुलामांना चिकटले' असे उत्तर सर्रास दिले जाते. या उत्तराने त्या माणसांवर अन्याय होतो, असे मला वाटते.

आडनावाचे मूळ गाव ईशान्य इंग्लंडमधल्या जुन्या डरहॅम परगण्यात आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम डी हर्टबर्न नावाच्या जहागीरदाराने आपले हर्टबर्न देऊन बदल्यात हे गाव घेतले आणि गावाबरोबर नावही बदलले. साताऱ्याला राहणारा सातारकर व्हावा, तसा तो वॉशिंग्टनचा विल्यम झाला. पुढे घराण्याच्या शाखा दक्षिणेकडे सरकल्या. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा लॉरेन्स वॉशिंग्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५३९ मध्ये नॉर्दम्प्टनशरमधले सलग्रेव्ह विकत घेतले. त्याने बांधलेला वाडा अजून उभा आहे. घराण्याचे मानचिन्ह म्हणजे पांढऱ्या जमिनीवर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. आज तेच अमेरिकेच्या राजधानीच्या ध्वजावर दिसते.

या लॉरेन्सचा नावबंधू असलेला एक वंशज एसेक्समध्ये पाद्री होता. इंग्लंडच्या यादवीत पार्लमेंटच्या बाजूने १६४३ मध्ये त्याला पदावरून काढले आणि घर विपन्नावस्थेत गेले. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारासाठी व्हर्जिनियाला आलेल्या जहाजावर होता. १६५७ च्या सुमारास ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले आणि जॉन तिथेच राहिला, तिथेच लग्न करून जमीनदार झाला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

जॉर्जला स्वतःचे अपत्य नव्हते. आडनाव पुढे गेले ते त्याच्या भावांच्या वंशातून. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननच्या त्याच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्याच्या मालकीचे, तर बाकीचे बहुतेक बायको मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतले. मार्थाच्या मृत्यूनंतर आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. मार्थाने त्याआधीच, १ जानेवारी १८०१ ला, त्यांना मुक्त केले. उरलेल्यांना मात्र कायद्याने ती मुभा नव्हती. ते मार्थाच्या नातवंडांमध्ये वाटले गेले. माउंट व्हर्ननचा वारसदार झालेला पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन हा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. त्याने १८२१ मध्ये ५४ माणसे लुइझियानाला पाठवण्यासाठी विकली.

मृत्युपत्रात एकाच माणसाला ताबडतोब मुक्ती आणि वर्षाला ३० डॉलर मिळाले. तो जॉर्जचा युद्धातला सोबती विल्यम. त्याचा उल्लेख 'स्वतःला विल्यम ली म्हणवणारा' असा आहे. ली हे त्याच्या आधीच्या मालकाचे आडनाव. तीस वर्षे वॉशिंग्टनच्या पदरी राहूनही त्याने ते सोडले नाही. माउंट व्हर्ननहून मुक्त झालेल्यांपैकी फार थोड्यांनी वॉशिंग्टन हे नाव घेतल्याचे आढळते. मालकाचे नाव आपोआप चिकटत असते, तर असे झाले नसते.

नाव घेणाऱ्या त्या थोड्यांत हॅरी वॉशिंग्टन मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आफ्रिकेतून पकडून आणलेला हॅरी माउंट व्हर्ननच्या तबेल्यात काम करत असे. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर तो पळून ब्रिटिशांना मिळाला. मालक स्वातंत्र्यासाठी ज्यांच्याशी लढत होता, त्यांच्याकडेच गुलामाला स्वातंत्र्य मिळाले! १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या ब्रिटिश नोंदवहीत त्याचे नाव आहे. तिथून तो नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये सिएरा लिओनला गेला. तिथे वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर सारा लावला, तेव्हा १८०० साली झालेल्या उठावात तो सामील झाला आणि त्याबद्दल हद्दपार झाला. परकीय सत्तेच्या कराविरुद्ध उठलेले दोन वॉशिंग्टन एकाच मळ्यावरचे होते, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात यायला हवे.

आडनावाचा खरा विस्तार अमेरिकेतल्या यादवी युद्धाने गुलामगिरी संपल्यानंतर झाला. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या, आणि त्यांत मालकाच्या नावाखाली प्रत्येकाचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहिलेले असे. पुष्कळ कुटुंबे आपसात आडनाव वापरत, पण कागदावर ते येत नसे. १८६५ नंतर सैन्याचे पेन्शन, मजुरीचा करार, लग्नाची नोंद, शाळेची हजेरी, सगळीकडे आडनाव लागू लागले. १८७० च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदाच नावानिशी आली. कुणी जुन्या मालकाचे नाव ठेवले, कुणी बापाचे, कुणी नवे निवडले. देशाच्या संस्थापकाचे आणि निदान मरताना तरी आपल्या गुलामांना सोडणाऱ्या माणसाचे नाव अनेकांना आपलेसे वाटले असणार.

बुकर टी. वॉशिंग्टनने आपली हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. गुलामीत जन्मलेला हा मुलगा मुक्तीनंतर वेस्ट व्हर्जिनियात मिठाच्या भट्टीवर काम करून शाळेत जाऊ लागला. हजेरीत इतर मुले दोन-दोन नावे सांगत होती, त्याच्यापाशी मात्र एकच होते. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असे सांगितले. सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीची संस्था त्याच्याकडे आली आणि कृष्णवर्णीय शिक्षणाचे ते मोठे केंद्र झाले. गोऱ्यांशी त्याने घेतलेल्या नमत्या भूमिकेवर पुढे कडक टीका झाली आणि ती रास्तच होती. पण विटा भाजण्यापासून त्याने जे उभे केले, ते त्यामुळे लहान होत नाही.

याच संस्थेत १८९६ मध्ये आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकांना घरचेच आहेत. त्यांच्या नावातला वॉशिंग्टनही जन्माने आलेला नाही. सारख्या नावामुळे घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी मधे केवळ एक आद्याक्षर घातले होते, त्याचा वॉशिंग्टन पुढे लोकांनी केला, असे सांगतात.

विसाव्या शतकात हे आडनाव गाण्यात, खेळात, राजकारणात सगळीकडे दिसते. जॅझ आणि ब्लूज गाणारी दिना वॉशिंग्टन मूळची रूथ जोन्स. तिनेही हे नाव रंगमंचासाठी घेतले. केनी वॉशिंग्टनने १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाशी करार करून अमेरिकी फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमधली वर्णबंदी मोडली. दोन ऑस्कर मिळवणारा डेन्झेल वॉशिंग्टन न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन नावाच्याच शहरात जन्मला. हॅरल्ड वॉशिंग्टन १९८३ मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्याच्या आधी, १९७४ मध्ये, खुद्द राजधानीच्या मतदारांनी आपला महापौर निवडला होता. त्यांचे नाव वॉल्टर वॉशिंग्टन, आणि ते गुलामांचे वंशज होते.