हकीकत कोणाची, दप्तर कोणाचं

१८७० च्या खानेसुमारीत ओहायो राज्यातल्या रॉस काउंटीत एका सुताराच्या नावाशेजारी प्रगणकाने एक ओळ जादा लिहून ठेवली: हा माणूस थॉमस जेफरसनचा मुलगा आहे! असल्या मजकुराला तक्त्यात रकाना नसतो, तरी त्याला राहवलं नसावं. सुताराचं नाव मॅडिसन हेमिंग्ज. जन्म १८०५, व्हर्जिनियात, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या माँटिसेलो इस्टेटीवर आणि गुलाम म्हणून.

गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं खानेसुमारीत आली तीच मुळी १८७० साली. १८५० आणि १८६० च्या याद्यांत नाव मालकाचं असे. गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. त्यामुळे काळ्या अमेरिकन घरांत आजीने सांगितलेली हकीकत हेच दप्तर.

मॅडिसनने आपली हकीकत १३ मार्च १८७३ रोजी तिथल्या स्थानिक वृत्तपत्रात सांगितली. (अमेरिकेत गुलाम सोडवणाऱ्यांना जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तेही याच वर्षी.) त्याची आई सॅली हेमिंग्ज जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण, बाप एक, आई गुलाम. १७८७ मध्ये, चौदाव्या वर्षी, जेफरसनच्या मुलीची सोबत म्हणून ती पॅरिसला गेली. फ्रान्समध्ये ती स्वतंत्र होऊ शकत होती, म्हणून परतायला तयार नव्हती. होणारी मुलं एकविसाव्या वर्षी मोकळी करीन, असा शब्द जेफरसनने दिला तेव्हा ती परतली. मॅडिसन सांगतो की आपलं नाव पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसन यांच्या पत्नीने ठेवलं. नाव ठेवू दिल्याबद्दल आईला छानशी भेट कबूल केली आणि गोऱ्यांनी गुलामांना दिलेल्या बऱ्याच शब्दांसारखी ती कधी दिलीच नाही. खोटं रचणारा माणूस असल्या क्षुल्लक गोष्टीचा राग एवढी वर्षं जपेल, असं मला वाटत नाही.

शेजारच्या प्रतिस्पर्धी पत्राने मात्र या वंशावळीची तुलना वळू घोड्यांच्या जाहिरातींशी केली.

कुजबुज जुनीच होती. जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने १८०२ मध्ये, जेफरसन राष्ट्राध्यक्ष असतानाच, ती छापली होती. १८५३ मध्ये विल्यम वेल्स ब्राऊन या गुलामगिरीतून पळालेल्या लेखकाने जेफरसनच्या गुलाम मुलींवर ‘क्लोटेल’ लिहिली. आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची पहिली छापील कादंबरी ती हीच. १९७९ मध्ये बार्बरा चेस-रिबो यांनी खुद्द सॅलीला नायिका केलं. इतिहासकार हात लावायला कचरत होते ते कादंबरीकार बिनदिक्कत लिहीत होते.

इतिहासकारांकडेही एक घरगुती हकीकतच होती. जेफरसनच्या गोऱ्या नातवंडांनी सांगितलं, ती मुलं आजोबांच्या भाच्यांची. हे पुरावा म्हणून चाललं. मॅडिसनचं सांगणं बढाई ठरलं. गंमत म्हणजे जेफरसनचे मोठे चरित्रकार ड्युमास मलोन हा संबंध नाकारत, पण त्यांच्याच तारखांवरून दिसतं की सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफरसन घरी होता. फॉन ब्रोडी यांनी १९७४ च्या चरित्रात या तारखा वापरल्या आणि टीका ओढवून घेतली. पुढे कायद्याच्या प्राध्यापक ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ मध्ये दोन्ही बाजूंच्या साक्षी वकिलासारख्या समोरासमोर ठेवल्या. कोणाला कोणत्या आधारावर खोटं ठरवलं, एवढंच त्या विचारत होत्या.

१९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. भाच्यांची कथा तिथेच पडली. मॅडिसनचा धाकटा भाऊ एस्टन याच्या वंशजाचं वाय गुणसूत्र, जे बापाकडून मुलाकडे जातं, जेफरसन घराण्याशी जुळलं. एस्टनने १८५२ मध्ये विस्कॉन्सिनला जाऊन जेफरसन आडनाव लावलं आणि तो गोऱ्यांत मिसळला. त्याच्या वंशजांनी पुढे आपण जेफरसनच्या एका नातलगाचे वंशज, अशी बदललेली हकीकत सांगितली. म्हणजे ज्यांनी गोष्ट पुसली त्यांच्याच रक्तात ती सापडली. थॉमस वुडसन हा सॅलीचा पहिला मुलगा, अशी परंपरा त्याच्या वंशजांनीही जपली होती; त्यांची चाचणी मात्र जुळली नाही.

बाप जेफरसनच, की त्याच घराण्यातला दुसरा पुरुष, हा वाद काहींनी पुढेही चालू ठेवला, कारण डीएनएतून घराणंच कळतं. माँटिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेने मात्र २००० साली मॅडिसनचं म्हणणं बहुधा खरं, असं जाहीर केलं, आणि २०१८ मध्ये तिथे सॅलीसाठी एक खोली उघडली. तिचं एकही चित्र उरलेलं नाही, हातची एक ओळ नाही. खोलीत भिंतीवर सावली पडते आणि सोबत मॅडिसनचे शब्द उमटतात.