पार्श्वभूमी : चौथीच्या इतिहासातले ‘गुरू’

महाराष्ट्रात शाळेच्या इतिहासावर भांडण निघाले की फिरून फिरून ते चौथीच्या पुस्तकापाशी येते. सातवी-आठवीच्या सनावळ्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात. अफजलखानाची भेट आणि आग्र्याचे पेटारे मात्र जन्मभर सोबत राहतात. त्यामुळे त्या धड्यांतले एक नाव जरी हलले, तरी ज्यांनी तीस वर्षांत इतिहासाचे पुस्तक उघडलेले नाही तेही खवळून उठतात.

छापील इतिहासावर शंका घेणे इथे नवे नाही. साताऱ्याच्या गादीजवळ कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला. त्याचे मराठी भाषांतर, म्हणजे ‘डफची बखर’, पुढे इथल्या शाळांत शिकवले गेले. १८६७ च्या सुमारास पुण्यातल्या एका कॉलेजविद्यार्थ्याने त्यावर रोखठोक टीका लिहिली. दोनच वर्षांनी जोतीराव फुल्यांच्या पोवाड्यात शिवाजी महाराज ‘कुळवाडीभूषण’, म्हणजे शेतकऱ्यांचे भूषण, म्हणून आले. दुसरीकडे ‘गोब्राह्मणप्रतिपालक’ हे बिरुद होतेच. पुढच्या दीडशे वर्षांचे भांडण या दोन शब्दांत मावते.

मधली शंभर-सव्वाशे वर्षे ओलांडून २००३ वर येऊ. त्या वर्षी एका परदेशी अभ्यासकाच्या इंग्रजी पुस्तकातल्या मजकुरावरून रान पेटले आणि जानेवारी २००४ मध्ये पुण्यातल्या एका जुन्या संशोधनसंस्थेत जमाव घुसला. कपाटे फुटली, हस्तलिखितांची नासधूस झाली. त्यानंतर वादाचा रोख बाल शिवाजीच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे, दादोजी कोंडदेवांकडे वळला.

‘शिवरायांचे गुरू कोण?’ या प्रश्नाचे आमच्या वर्गात उत्तर ठरलेले होते. एका शब्दाचे, एका गुणाचे. खरा घोळ त्या शब्दातच आहे. मराठीत अक्षरे गिरवून घेणारा पंतोजी, दांडपट्टा शिकवणारा वस्ताद, मुलूख सांभाळणारा कारभारी आणि मंत्र देणारा तो गुरू. ही चार वेगळी माणसे. गाइडाने चौघांना एका खुर्चीत बसवले.

कागद काय म्हणतात? दादोजी हे कोंढाण्याचे सुभेदार, शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचा कारभार पाहणारे. १६४७ मध्ये ते वारले तेव्हा शिवाजी महाराज सतरा वर्षांचे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून लिहिणारा बखरकार सभासद पुणे परगण्यावर ‘शहाणा, चौकस’ माणूस ठेवल्याचे सांगतो. (नावही तो दादाजी असे देतो; ‘दादोजी’ आपल्या तोंडी बसले ते बसले.) कारभारी म्हणून ही शिफारस चांगलीच आहे, पण ती गुरुपदाची नाही. उलट, मुलगा आणि आई ज्याच्या भरवशावर पुण्यात राहिली त्याच्याकडून तो मुलगा काहीच शिकला नाही, असे ठामपणे सांगणाऱ्यांकडेही कागद नाही. माझ्या मते पुरावा ‘कारभारी’ या शब्दापाशी थांबतो. तिथे थांबायची तयारी मात्र दोन्ही बाजूंची नव्हती, कारण दादोजी ब्राह्मण होते आणि प्रश्न गुरूच्या जातीचा झाला होता.

मग निर्णय झाले. उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शकाला मिळणाऱ्या सरकारी पुरस्काराला असलेले दादोजींचे नाव काढले गेले. डिसेंबर २०१० मध्ये, पुणे महापालिकेत ठराव मंजूर झाल्यावर, लाल महालातल्या शिल्पसमूहातून त्यांचा पुतळा रातोरात, पोलिस बंदोबस्तात हलवला गेला. दुसऱ्या दिवशीपासून शहरात निदर्शने, मग बंद. जिजाऊ, बाल शिवाजी आणि सोन्याचा नांगर जागेवर राहिले. सहलीला आलेल्या मुलांना हा बदल कोणत्या कागदाच्या आधारे झाला हे सांगणारी पाटी लावावी, असे मात्र ना ठराव आणणाऱ्यांना सुचले, ना बंद पुकारणाऱ्यांना.

२०१७ मध्ये सातवीचे पुस्तक बदलले. मराठे मध्यभागी आले, मुघल काही ओळींत आटोपले. त्याच वर्षी नववीच्या पुस्तकात आणीबाणी आणि बोफोर्स दाखल झाले, तेव्हा कोणाला काय दिसले हे ज्याच्या त्याच्या पक्षावर ठरले.

या सगळ्यात नागरिकशास्त्र कुठे आहे? त्याच पुस्तकाच्या पाठच्या पानांत, आणि शिकवायचे तेही सर्वात शेवटी, वेळ उरला तर. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला प्रतिज्ञेच्या आसपास मूलभूत कर्तव्यांची यादी असते. ही कर्तव्ये घटनेत आली १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना. यादीत संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचे कर्तव्य आहे, जिज्ञासू वृत्ती बाळगण्याचेही आहे. आमच्या वेळी प्रतिज्ञा रोज सकाळी मैदानात म्हटली जायची, एक हात पुढे करून. कर्तव्यांचे पान मात्र वर्गात एकदाही वाचून घेतल्याचे आठवत नाही; त्यावर प्रश्न येत नसे.